डांबर संपते तिथे

"तुम्हाला सायकल येते का?" हा प्रश्न मला नेहमीच अपुरा वाटत आलेला आहे. "तुम्हाला बोलता येते का?" असे विचारण्यासारखेच आहे ते. कोणाशी, हे आधी कळायला नको का? घरमालकाशी बोलणे वेगळे, बायकोच्या माहेरच्यांशी बोलणे वेगळे आणि फोनवरून 'आपण रांगेत आहात' असे पुन्हापुन्हा गोड आवाजात सांगणाऱ्या बाईंशी बोलणे तर अगदीच वेगळे. सायकलचेही तसेच आहे. कुठल्या रस्त्यावर येते, हे सांगितल्याखेरीज सायकल येण्याला काही अर्थ नाही. गुळगुळीत डांबरी रस्त्यावर शीळ घालीत जाणारा भला माणूस खडीच्या रस्त्यावर चाक पडताच देवाचे नाव घेऊ लागतो, हे मी या डोळ्यांनी पाहिले आहे. आणि तो माणूस नास्तिक होता.

आपल्या मराठी भाषेने मात्र या भानगडीत न पडता सगळा निकाल केव्हाच लावून टाकलेला आहे. आपली निम्मी नीतिमत्ता रस्त्यावरच उभी आहे. चांगला माणूस 'सरळमार्गी' असतो. वाईट माणूस 'आडमार्गाला' जातो. कोणाचा 'तोल सुटतो', कोणाचे 'पाऊल वाकडे पडते', कोणी 'घसरतो'. पोरगा नोकरीला चिकटला की 'मार्गाला लागला' म्हणून आपण पेढे वाटतो. लग्नाच्या बैठकीत मुलाचे मामा "मुलगा अगदी सरळमार्गी आहे हो!" असे छातीठोकपणे सांगतात आणि मुलीचे मामा समाधानाने मान डोलावतात. पण "मार्ग कसा होता?" असे विचारणारा मामा अद्याप माझ्या पाहण्यात नाही. घसरला तो माणूस, आणि सरळ गेला तोही माणूसच. रस्त्याचे वर्णन करायला 'निसरडा' असा एक चांगला शब्द आपल्याकडे आहे. पण तो आपण बहुधा न्हाणीघराच्या फरशीसाठी राखून ठेवतो.

हा विचार माझ्या डोक्यात शिरला त्याला कारण माझे स्वतःचे मामा. ते बैठकीत बोलणाऱ्यांपैकी नव्हते. ते पोस्टमन होते.

सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी भागात आमचे गाव. १९६८-६९ साली मी हायस्कुलात होतो. शाळा तालुक्याला, सहा मैलांवर. त्यातले गावाकडचे चार मैल खडी आणि पुढचे दोन मैल डांबर. सरकारी कागदात रस्त्याच्या तीन अवस्था असतात: मातीकाम, खडीकरण आणि डांबरीकरण. बाल्य, तारुण्य आणि वार्धक्य म्हणा ना! आमचा रस्ता दुसऱ्या अवस्थेला पोचला आणि तिथेच चिरतरुण राहिला. त्याच्यावरून एकदा रोलर फिरला होता, असे जुनी माणसे सांगत. पण जुनी माणसे पेशवाईतल्या तुपाबद्दलही असेच काहीबाही सांगत, त्यामुळे आम्ही ते मनावर घेत नसू. खडी सुटी होती. बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या आणि मधे दगडांची वरंब, अशी एकंदर मांडणी.

मामा या असल्या रस्त्यांवरून रोज पंधरा-सोळा मैल टपाल वाटत. खाकी पिशवी, काळी सायकल, कॅरिअरला सुतळीने बांधलेली पार्सले. त्यांनी मला सायकल शिकवली असे सगळे म्हणत, पण सायकल मी आधीच देवळाच्या पटांगणात नळीखालून पाय घालून शिकलो होतो. मामांनी मला खडी शिकवली.

"हँडल धरायचं, आवळायचं नाही," हा त्यांचा पहिला पाठ. "कोंबडीचं पिल्लू धरतोस ना, तसं. सुटता कामा नये आणि मरता कामा नये." खडीवर पुढचे चाक सारखे इकडेतिकडे ढुशा मारीत असते. नवशिका घाबरतो आणि मुठी आवळतो. आवळल्या की प्रत्येक दगड मनगटातून कोपरात, कोपरातून खांद्यात आणि खांद्यातून थेट दातांत जातो. कोपर सैल ठेवले की चाक जरा वळते, दगडाला बगल देते आणि आपले आपण पुन्हा सरळ होते.

दुसरा पाठ ब्रेकचा. डांबरावर खरे थांबवणारा ब्रेक पुढचा, कारण थांबताना सगळा भार पुढे जातो आणि मागचे चाक हलके होते. खडीवर मात्र तोच पुढचा ब्रेक वैरी. "मागचं चाक घसरलं तर सायकल शेपूट हलवते," मामा म्हणत, "पुढचं घसरलं तर साष्टांग नमस्कार!" तिसरा पाठ वळणाचा: वेग वळणावर कमी करायचा नाही, वळणाच्या आधी करायचा, आणि डांबरावर तिरके होतो तसे तिरके व्हायचे नाही, सायकल उभी ठेवून सावकाश वळायचे. चौथा पाठ चढाचा: उभे राहून जोर काढायचा नाही, कारण मागच्या चाकावरचा भार गेला की ते जागच्या जागी फिरते आणि आपणही. पाचवा नजरेचा: चाकाखाली बघायचे नाही, वीस पावले पुढे बघायचे. "ज्या दगडाकडे बघशील, त्याच दगडावर जाशील." हा पाठ मला पुढे सायकलीपेक्षा संसारात जास्त उपयोगी पडला.

आणि शेवटचा पाठ हवेचा. डांबरावर टायर टणक हवा, खडीवर थोडा नरम. नरम टायर बारीक दगड पोटात घेतो, टणक टायर त्याच्यावरून उडी मारतो. फार नरम केला तर मात्र दगड आणि रिम यांच्यात ट्यूब चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोके पडतात. म्हणून मामा अंगठ्याने दाबून हवा बघत आणि बेताची ठेवत. त्यांच्या नळीला पंप कायम अडकवलेला असे. डांबर लागले की उतरून पाच-पंचवीस दट्टे मारायचे, परत येताना डांबर संपले की थोडी सोडायची. श्रीमंत लोक हवापालटासाठी महाबळेश्वरला जात. आम्हाला सहा मैलांतच हवापालट होत असे.

आता यातली गंमत पाहा. खडीवरचा प्रत्येक सद्गुण डांबरावर दुर्गुण होतो आणि डांबरावरचा प्रत्येक सद्गुण खडीवर हाडवैद्याकडे नेतो. पुढचा ब्रेक एका रस्त्यावर रक्षक, दुसऱ्यावर भक्षक. मग माणसाने एका स्वभावाने राहावे, आज एक उद्या एक करू नये, हे जे आम्हाला शाळेत नीतिपाठात शिकवले जाई, त्याचे काय करायचे? सहा मैलांत दोनदा स्वभाव बदलल्याशिवाय त्या नीतिपाठाच्या तासाला वेळेवर पोचताच येत नव्हते!

सायकल उभी कशी राहते, हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही सोपा गेलेला नाही. फिरत्या चाकाच्या भोवऱ्यासारख्या गुणामुळे, असे एक उत्तर. पुढचे चाक हँडलच्या रेषेमागे जमिनीला टेकते म्हणून, हे दुसरे. २०११ साली अमेरिका आणि हॉलंड इथल्या काही संशोधकांनी या दोन्ही गोष्टी काढून टाकलेली एक सायकल बनवली आणि ती माणसावाचून ढकलून दिली, तर ती तरीही सावरत गेली. त्यांचा लेख 'सायन्स' या नियतकालिकात आला. मुद्दा इतकाच की ठीक वेगात असलेली सायकल ज्या बाजूला कलते त्या बाजूला हँडल वळवून स्वतःला सावरते. सैल धरणारा तिला तिचे काम करू देतो. आवळणारा तिच्या कामात लुडबूड करतो आणि वर "मी होतो म्हणून सायकल उभी राहिली" असे सांगत सुटतो. अशी माणसे ऑफिसात साधारणपणे बढती मिळवतात.

फ्रान्समध्ये १८९६ पासून पॅरिस-रूबे नावाची एक सायकल शर्यत भरते. अडीचशे किलोमीटरांहून जास्त अंतर आणि त्यातले पन्नासेक किलोमीटर जुने दगडी रस्ते. जगातले नामांकित सायकलपटू तिथे जातात आणि मामांचेच पाठ म्हणतात: हवा कमी, मनगट सैल, नजर पुढे. जिंकणाऱ्याला बक्षीस म्हणून त्याच रस्त्याचा एक दगड पायावर बसवून देतात. आमच्या गावी असे दगड पराभूतांनाही मिळत, गुडघ्यात. त्याहून मौजेची गोष्ट म्हणजे ते दगडी रस्ते कोणी डांबरी करून टाकू नयेत म्हणून झटणारे मंडळ तिथे आहे. आमचा रस्ता मंडळ न काढताच पस्तीस वर्षे राखला गेला. त्याबद्दल आम्हाला कोणी शर्यत दिली नाही.

पण मामांनी सगळ्यात जपायला सांगितलेली जागा खडी नव्हे आणि डांबरही नव्हे. डांबर संपते ती जागा. खडीवर माणूस सावध असतो, डांबरावर सुरक्षित असतो. पडतो तो सांध्यावर. डांबराचा वेग, डांबराची ऐट आणि डांबराचा पुढचा ब्रेक घेऊन तो खडीत शिरतो. समोरून एस्टी आली की डांबरावरून खाली मुरमाच्या साइडपट्टीवर उतरावे लागते, तेव्हा चार इंचांची ती कड किती लोकांना नडली आहे, ते आमच्या हाडवैद्याला विचारावे. आयुष्यातही माणसे म्हणे अशा सांध्यांवरच पडतात. पगार थांबतो, घरातले माणूस आजारी पडते, मिल बंद होते. डांबर संपल्याची पाटी कुठेच नसते.

उलट्या दिशेचा सांधाही अवघडच. खडीवरून डांबरावर आलेल्या माणसाला डांबराचा भरवसा यायला फार वेळ लागतो. माझ्या आईचे सारे आयुष्य खडीवर गेले. पुढे माझ्याकडे शहरात आली, डांबर लागले. पण तिचे कोपर कधी सैल झाले नाहीत... चुकलो, तिचे सैलच राहिले, टायरच कधी टणक झाले नाही. दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालायच्या, पुड्यांचे दोरे गुंडाळून ठेवायचे, एका काडीत दोन शेगड्या पेटवायच्या. "आई, आता कशाला?" असे म्हटले की म्हणायची, "रस्ता काय, कुठेही संपतो." आमच्या सौभाग्यवतींना ती कंजूष वाटे. मला ती अजून हवा कमी ठेवून चाललेली दिसे.

आता थोडे खडीबद्दल. ही खडी येते कुठून? जॉन लाउडन मॅकॅडम नावाचा स्कॉटिश गृहस्थ (जन्म १७५६, मृत्यू १८३६) हा या शास्त्राचा आद्य पुरुष. मोठमोठे दगड खाली घालण्याऐवजी बारीक फोडलेली टोकदार खडी थराथराने पसरावी, मधे उंच आणि कडेला उतार ठेवावा म्हणजे पाणी निघून जाईल, आणि वरून जाणाऱ्या चाकांनी ती एकमेकांत घट्ट बसेल, अशी त्याची पद्धत. आपल्या बांधकाम खात्याच्या कागदांत खडीच्या रस्त्याला त्याचेच नाव चिकटलेले आहे. त्याच्या काळी इंग्लंडात रस्ते खराब होतात म्हणून गाड्यांच्या चाकांवर नियम घालीत: चाके इतकी रुंद हवीत, वजन इतकेच हवे. मॅकॅडमचे म्हणणे अगदी उलट होते. रस्त्याला झेपेल तशी गाडी नव्हे, गाडीला झेपेल तसा रस्ता करा. इतके सरळ वाक्य बोलूनही तो सरकारी कामात टिकला, याचे मला नवल वाटते.

आणि ही खडी फोडीत कोण? त्याच्या इंग्लंडात म्हातारे, बायका आणि मुले बसून लहान हातोड्यांनी खडी फोडीत. आपल्याकडे १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा उभा महाराष्ट्र खडी फोडायला बसला. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि सुट्टीत घरी येताना सायकलवरून तो देखावा पाहत असे. रस्त्याच्या कडेला रणरणत्या उन्हात रांगेने बसलेली माणसे, तान्ही पोरे झोळीत, समोर फोडलेल्या खडीचे ढीग, आणि दुपारी वाटली जाणारी सुकडी. त्यांत काल-परवापर्यंत दहा माणसांना कामाला लावणारे बागाईतदारही होते. डांबर संपले होते, आणि संपले होते सगळ्यांचे एकदम. म्हणून असेल, पण त्या वर्षी कोणी कोणाला "घसरला" म्हटले नाही. पाऊस पडला नाही, एवढेच म्हणत. त्यातूनच पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. म्हणजे सगळ्यांच्याच पायाखाली खडी आली की आपल्याला रस्ता दिसतो, आणि आपण कायदा करतो. एकट्याच्याच पायाखाली आली की आपल्याला फक्त तो माणूस दिसतो.

तत्त्वज्ञांनी या प्रश्नाला हात घातलेला आहे. १९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोघांनी 'नैतिक नशीब' या विषयावर एकापाठोपाठ एक निबंध वाचले. नेगेलने उदाहरण घेतले आहे ट्रकचालकाचे. त्याने ब्रेक तपासून घ्यायचा कंटाळा केला. नेमके एक मूल आडवे आले आणि गेले. तितकाच कंटाळा केलेला दुसरा चालक संध्याकाळी घरी जाऊन जेवतो, कारण त्याच्या रस्त्यात मूल आले नाही. दोघांचा दोष एकच. पण एकाला आपण जन्मभर दोषी धरतो आणि दुसऱ्याला 'सेफ ड्रायव्हर' म्हणून बिल्ला देतो. माणसाच्या हातात जे नाही त्याबद्दल त्याला दोष देऊ नये, असे आपण सगळेच म्हणतो. आणि मग हातात काय होते हे शोधू लागावे, तर ते हातातून खडीसारखे निसटत जाते. रस्ता हातात नव्हता, हवामान हातात नव्हते, आईबाप हातात नव्हते. शेवटी हातात उरते एक हँडल, आणि तेही मामांच्या मते आवळायचे नाही!

इथे वाचकांपैकी कोणीतरी डोळे वटारील. "म्हणजे सगळा दोष रस्त्याचाच म्हणायचा की काय? मग चोर, लबाड, ठेकेदार सगळेच सुटले!" नाही हो, कोणी सुटत नाही. गुळगुळीत डांबरावर, भर दुपारी, वारा नसताना, दोन्ही हात सोडून प्रेक्षकांकडे बघत जाणारा आणि मग पडणारा माणूस मला ठाऊक आहे. रस्त्यात माती घालून डांबराचे पैसे खाणारे अशांतलेच. त्यांच्या पडण्यात खडीचा काही संबंध नसतो. इतरांच्या पडण्यात मात्र त्यांचा संबंध असतो. शिवाय त्याच खडीवरून मामा वर्षानुवर्षे गेले, फार थोड्या वेळा पडले, आणि पिशवीतली मनिऑर्डर कधी कमी भरली नाही. तेव्हा चालवणाऱ्याला श्रेय आहेच. किती, एवढाच प्रश्न आहे.

हा प्रश्न नुसता आरामखुर्चीतला राहिला असता तर मी हा निबंध लिहिला नसता. दोन वर्षांपूर्वी तो आमच्या हाउसिंग सोसायटीच्या कमिटीपुढे आला. आमचा एक अर्धवेळ हिशेबनीस आहे. संध्याकाळी दोन तास येतो, पावत्या फाडतो, जमाखर्च लिहितो. हल्ली बहुतेक लोक मेंटेनन्स फोनवरूनच भरतात, पण आमच्यासारखे काही जुने सभासद नोटा मोजून दिल्याशिवाय पैसे दिल्यासारखे वाटत नाही म्हणून रोख देतात. एका शनिवारी रात्री त्याच्या बायकोला दवाखान्यात न्यावे लागले. तिथे आधी पैसे भरा म्हणाले. त्याने सोसायटीच्या पेटीतून ६,५०० रुपये घेतले आणि पेटीत एक चिठ्ठी ठेवली: 'रु. ६,५०० घेतले. भरीन.' खाली सही आणि तारीख. सोमवारी त्याने २,००० भरले. मंगळवारी खजिनदारांनी पेटी उघडली.

कमिटीत आम्ही सातजण. आमचे शेजारी अण्णा त्यांत सर्वांत ज्येष्ठ, सरकारी नोकरीतून निष्कलंक निवृत्त झालेले, आणि हे विशेषण त्यांच्या नावाआधी लावायला कोणी विसरलेच तर ते स्वतः आठवण करतात. "चोरी ती चोरी. काढून टाका," अण्णा म्हणाले.

"अण्णा, चोर चिठ्ठी ठेवतो का?" मी म्हणालो.

"पावती दिली म्हणून चोरी कायदेशीर होते का? उद्या दरोडेखोर व्हिजिटिंग कार्ड ठेवतील!"

मी सांध्याबद्दल, खडीबद्दल आणि पुढच्या ब्रेकबद्दल थोडे बोललो. सेक्रेटरींनी सायकलस्टँडचा विषय आजच्या अजेंड्यावर नाही याकडे लक्ष वेधले. अण्णा मात्र पेटले. "मला सायकलचं सांगू नका! अहो, सत्त्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात मी एकदाही सायकलवरून पडलेलो नाही."

"तुम्ही कुठे चालवायचात, अण्णा?"

"चालवायचो? छे! मला येतच नाही सायकल. शाळा, कॉलेज, ऑफिस, सगळं घरापासून दहा मिनिटांवर."

सभेत हशा पिकला आणि अण्णांचा मुद्दा तिथेच पडला असे सगळ्यांना वाटले. पण अण्णा काही कच्च्या गुरूचे चेले नाहीत. हशा ओसरल्यावर ते शांतपणे म्हणाले, "ठीक आहे. मला येत नाही. पण ज्यांच्या घरात आजार आहे, हातात दुसऱ्याची पेटी आहे, आणि तरी ज्यांनी तिला हात लावला नाही, त्यांना तुम्ही काय सांगणार? की तुम्ही उगाच सावरलात?"

याला उत्तर देणे सोपे नाही. मला मामा आठवले, त्यांच्या पिशवीतल्या मनिऑर्डरी आठवल्या, आणि मामींचे दुखणेही आठवले. अण्णांनी विचारलेला माणूस माझ्याच घरात होता. म्हणून मी एवढेच म्हणालो, "जे सावरले त्यांना आपण कधी काय दिलं, अण्णा? त्यांचं कौतुक करायची आठवण आपल्याला दुसरा कोणी पडला की होते. हा पडला हे खरं. कुठे पडला हेही खरं. दोन्ही लिहून ठेवू."

चार विरुद्ध तीन मतांनी ठराव झाला. हिशेबनीस राहील. उरलेले ४,५०० दरमहा ५०० प्रमाणे नऊ महिन्यांत पगारातून वळते होतील. पेटीची किल्ली मात्र त्याच्याकडे राहणार नाही. घसरणाऱ्याला पुढचा ब्रेक देऊ नये, हा भाग मला अण्णांइतकाच मान्य होता. आणि सातव्या क्रमांकाचा ठराव, जो मांडताना मला वाटले नव्हते की मंजूर होईल: सोसायटीच्या नोकरांना अडीअडचणीला १०,००० पर्यंत बिनव्याजी उचल मिळेल, सेक्रेटरींना रात्री-अपरात्री फोन केला तरी चालेल. हा ठराव मांडला मी, पण त्याला अनुमोदन दिले अण्णांनी. "म्हणजे पुढच्या वेळी कुणाला चिठ्ठी ठेवायची सबब राहणार नाही," असे ते करड्या आवाजात म्हणाले. कारण काही का असेना, रस्त्याचा तेवढा तुकडा डांबरी झाला. उचल आजवर तिघांनी घेतली. फेडलीही.

आमच्या गावचा रस्ता प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० साली सुरू झाल्यानंतर चार वर्षांनी डांबरी झाला. मामा तेव्हा निवृत्त होऊन बसले होते. सायकल सुटली होती, म्हणून काठी टेकत बघायला गेले. वाकून डांबराला हात लावून पाहिला. गावातली शाळकरी पोरे दोन्ही हात सोडून सुसाट चालली होती. "आता यावरून कुणीही सरळ जाईल," मामा म्हणाले. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिले; त्यांची विद्या फुकट गेल्याचे दुःख कुठे दिसते का म्हणून. तर ते हसत होते. कुणीही सरळ जावे, हीच तर रस्त्याची थोरवी, असे काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर होते. खडीवर कसे चालवावे हे ज्याला पक्के येते, त्यालाच रस्ता डांबरी झाल्याचा खरा आनंद होतो. खडीवर चालल्याने माणूस घडतो असे व्याख्यान देणारे सगळे मी गाडीतून आलेले पाहिले.

तेव्हा सायकलस्वारांना माझे सांगणे इतकेच. डांबर संपायच्या आधी वेग कमी करा, मनगट सैल सोडा, पुढचा ब्रेक विसरा. आणि आपण सरळ चाललो आहोत असे फारच वाटू लागले, तर एकदा खाली बघून घ्या, कशावरून चाललो आहोत ते.

बाकी आपल्याकडे पडण्याच्या बाबतीत एक फार जुनी न्यायपद्धत आहे. चालायला शिकणारे मूल धपकन पडते आणि भोकाड पसरते. मग आजी जमिनीला दोन चापट्या मारते: "हात् रे जमिनी! आमच्या बाळाला पाडतेस?" बाळ गप्प होते. तिसऱ्या-चौथ्या वर्षापर्यंत सगळा दोष जमिनीचा असतो. पाचव्या वर्षी तेच मूल त्याच जागी पडले की तीच आजी म्हणते, "डोळे कुठं होते?" आणि चापटी त्याला बसते. मधल्या त्या एका वर्षात जमिनीत काय सुधारणा होते ते कळत नाही. मला वाटते, मोठ्या माणसांच्या पडण्याचा हिशेब करताना चापट्या थोड्या वाटून घ्यायला हरकत नसावी. एक त्याला, आणि एक जमिनीला.